केओएच स्लाइडवर तंतू दिसले की पिथियमचाही विचार करा

नेत्रविभागात नव्याने आलेल्या रेसिडेंटांना पहिल्याच महिन्यात एक सवय लागते: कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) अल्सरमधून खरवडलेल्या नमुन्यात केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) तंतू दिसले की ‘फंगल’ लिहायचं आणि नाटामायसिन ५% हे बुरशीरोधक सुरू करायचं. बहुतेकदा ते बरोबरच ठरतं, कारण आपल्याकडचे बरेचसे बुरशीचे अल्सर फ्युजॅरियम किंवा अ‍ॅस्परजिलसचे असतात. पिथियम इन्सिडिओसम मात्र हुबेहूब बुरशीसारखा दिसतो आणि डोळा घालवतो. तो ऊमायसीट आहे, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण खरी बुरशी नसलेला सूक्ष्मजीव. त्याच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल (बुरशीरोधकांचं नेहमीचं लक्ष्य) जवळपास नसतं, त्यामुळे आपली नेहमीची बुरशीरोधकं त्याच्यावर सहसा चालत नाहीत.

स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) अल्सरच्या कडेतून निघालेले सोंडेसारखे फाटे, भोवती टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आणि लिंबसजवळ (कॉर्नियाच्या बाहेरच्या कडेजवळ) खाच दिसली, तर शंका घ्याच. शेतातलं किंवा साचलेलं पाणी डोळ्यात गेलं होतं का, हेही विचारा.

स्क्रेपिंगआधी (नमुना खरवडण्याआधी) डोळा बधिर करायला प्रोपॅराकेन ०.५% टाका. १५ नंबरच्या ब्लेडने आधी वरचा चिकट स्राव काढा, मग कडा आणि तळ दोन्ही खरवडा. नुसता स्राव स्लाइडवर गेला की रिपोर्ट निगेटिव्ह येतो. ही चूक सर्रास होते. १०% केओएचमध्ये रुंद, फितीसारखे, पडदे (आडव्या भिंती) नसलेले किंवा तुरळक पडदे असलेले तंतू शोधा. आयोडीन आणि सल्फ्युरिक आम्लाच्या स्टेनने पिथियम निळसर-काळा होतो, खरी बुरशी पिवळट राहते. ब्लड अगार (रक्त मिसळलेलं वाढीचं माध्यम) लावायला विसरू नका: त्यावर चपट्या, रंगहीन, माध्यमात रुतलेल्या वसाहती येतात. निर्जंतुक पानाचा तुकडा वापरून पाण्यात झूस्पोर (पोहणारे बीजाणू) दाखवता आले की ओळख पक्की.

उपचारात लिनेझोलिड ०.२% तासातासाला आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन १% थेंब दिले जातात, जोडीला पोटातूनही अ‍ॅझिथ्रोमायसिन. लिनेझोलिडचं शिरेतून द्यायचं द्रावण मिलिलिटरला २ मिग्रॅ, म्हणजे ०.२ टक्केच असतं. निर्जंतुकपणे काढलं तर तेच थेंब म्हणून वापरता येतं. स्टेरॉइड देऊ नका.

एवढं करूनही अनेकांना थेराप्युटिक केराटोप्लास्टी (संसर्ग झालेला कॉर्निया काढून दात्याचा बसवणं) लागते. इन्फिल्ट्रेट (कॉर्नियातला संसर्गाचा पांढरट भाग) लिंबसपर्यंत पोचण्याआधीच कॉर्नियाच्या वरिष्ठांना दाखवा. कडेने निरोगी ऊतक सोडून कापायला तेव्हाच जागा असते. काढलेल्या कॉर्नियाचा अर्धा भाग मायक्रोबायोलॉजीला आणि अर्धा हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवा. फॉर्मवर ‘पिथियम?’ लिहून जीएमएस स्टेन (चांदीचा रंग) मागा, कारण पीएएस या दुसऱ्या स्टेनमध्ये पिथियम फिका दिसतो आणि नजरेतून सुटतो.