जीभ आणि नाक यांची कामे वेगळी करून पाहण्याची रीत

आपण ज्याला पदार्थाची चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो, त्यामुळे जीभ स्वतः काय ओळखते हे पाहायचे असेल तर आधी नाक बाजूला ठेवावे लागते. त्यासाठी साखर, मीठ, दालचिनीची पूड, कापसाच्या काड्या आणि पाणी एवढे साहित्य पुरते. प्रत्येक प्रयोगाआधी चूळ भरावी, कारण जीभ एकाच चवीला लवकर सरावते.

सुरुवात कोरड्या जिभेने करावी. स्वच्छ कापडाने जिभेचे टोक टिपून त्यावर साखरेचे दाणे ठेवले, तर लाळ सुटेपर्यंत गोडी फारशी जाणवत नाही. विरघळलेले रेणूच रुचिकलिकांच्या, म्हणजे जिभेवरील चव टिपणाऱ्या पेशींच्या बारीक पुंजक्यांच्या, सूक्ष्म छिद्रांतून आतील पेशींपर्यंत पोहोचतात. एका कलिकेत साधारण 50 ते 100 पेशी असतात आणि त्या सतत नव्याने तयार होत राहतात, म्हणूनच गरम घासाने पोळलेली जीभ पुन्हा पूर्ववत चव घेऊ लागते.

खरा उलगडा पुढच्या प्रयोगात होतो. साखरेत थोडी दालचिनीची पूड मिसळावी, नाक घट्ट धरून चिमूटभर मिश्रण जिभेवर घोळवावे आणि तोंड मिटूनच नाक सोडावे. तोवर केवळ गोड लागणाऱ्या त्या मिश्रणात दालचिनी एकाएकी प्रकट होते, कारण तिचा गंध घशाच्या मागील वाटेने नाकात चढतो. हा क्षण प्रत्येकाने एकदा तरी अनुभवावा असे मला मनापासून वाटते.

टोकाला गोड, मागे कडू असा जिभेचा नकाशा अनेक पुस्तकांत छापला गेला, पण तो चुकीचा आहे. मिठाच्या पाण्यात बुडवलेली काडी टोकाला, कडांना आणि फार खोल न नेता मागच्या बाजूला टेकवावी. खारटपणा सगळीकडे कळतो. गोड, आंबट, खारट, कडू आणि 1908 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट या अन्नघटकात ओळखलेली उमामी (मांसाच्या रश्श्यासारखी रुची), या पाचही रुचींबाबत हेच खरे आहे. तिखटपणा मात्र यांत मोडत नाही, कारण मिरचीतील कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंना चेतवते.

सर्दीत अन्न बेचव लागते तेव्हा साखर आणि मीठ वेगवेगळे चाखून पाहावे. दोन्ही स्पष्ट ओळखू आले तर अडचण बहुधा नाकात असते. ही अडचण सर्दी गेल्यावरही टिकून राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.