रिकाम्या फेऱ्यांची वही

समुद्री कासवांच्या घरट्यांच्या कामासाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं तेव्हा डोळ्यांपुढे वाळूतून वर येणारी पिल्लं होती. प्रत्यक्षात पहिले अकरा दिवस मी पहाटे किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंडी घालायला आलेल्या मादीचा माग, म्हणजे वाळूवरच्या खुणा, शोधत चालले आणि वहीत एवढंच लिहिलं: माग नाही. नव्याने येणारे बहुतेक जण याच टप्प्यावर गळतात.

बाराव्या दिवशी माग दिसला. भरतीच्या रेषेच्या वर, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. वर गेला, वळला, परत समुद्राकडे आला. कुठे खड्डा नाही, उडवलेली वाळू नाही. घरटं नाही म्हणजे नोंदीसारखं काही नाही, असं समजून मी रकाना कोराच सोडला. दुसऱ्या दिवशीच्या स्वयंसेवकाने तोच माग ताजा म्हणून लिहिला. मोजणीत तारीख चुकली, ती माझ्यामुळे.

प्रमुखांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "ती अंडी न घालता का परतली, हे आता कशावरून शोधायचं?" कारणं अनेक असतात. उजेड, माणसांची वर्दळ, कुत्री, खणताना ढासळणारी कोरडी वाळू. एकाच जागेवरून माद्या वारंवार परतत असतील तर तिथला दिवा बघायला जावं लागतं. म्हणून परतलेली मादी हीसुद्धा नोंदच. आणि लिहून झालं की मागावर पाय घासून आडवी रेघ मारायची, म्हणजे तोच माग पुन्हा मोजला जात नाही.

माग वाचणं आठवडाभरात जमतं. ऑलिव्ह रिडले आणि लॉगरहेड या जातींची कासवं पाय आळीपाळीने टाकतात, त्यामुळे डाव्या-उजव्या खुणा पुढेमागे पडतात. हिरवं कासव आणि लेदरबॅक पुढचे दोन्ही पाय एकदम ओढतात, तेव्हा खुणा समोरासमोर येतात. जाण्याचा माग कुठला आणि येण्याचा कुठला, हे दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे बसून बघा. वरचा ठसा परतीचा. फोटो आधी, पाऊल नंतर; मी उलट केलं आहे.

काठीने वाळू टोचून अंडी शोधायचा मोह होईल. टोचू नका, एक फुटलेलं अंडं आख्खं घरटं कुजवू शकतं. अंड्यांना हात लावायचा तो परवानगी असलेल्यानेच, बहुतेक देशांत हे कायद्यानेच बांधलेलं आहे. भरतीचं पाणी पोचणार असेल तरच घरटं हलवतात, तेही अंडी घातल्यावर काही तासांतच. पुढे गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून जे अंडं ज्या बाजूने वर होतं, तसंच नव्या खड्ड्यात ठेवायचं. मला पहिल्या वर्षी फक्त बादली धरायला मिळाली, आणि तेच योग्य होतं.

मग साधारण 45 ते 60 दिवस वाट. आत वाळूचं तापमान पिल्लाचं लिंग ठरवतं: 29 अंशांच्या आसपास नर-मादी दोन्ही, त्याहून ऊब वाढली की माद्या जास्त. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या तरुण पिढीत 99 टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचं 2018 साली प्रसिद्ध झालं. घरट्याशेजारी पुरलेल्या तापमापकाची नोंद कंटाळवाणी वाटते तेव्हा मी हा आकडा आठवते.

वाळू मधोमध खचली की पिल्लं जवळ आली. ती बहुधा रात्री, वाळू निवल्यावर निघतात आणि खालच्या क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात. फोन खिशात ठेवा. उचलून पाण्यात सोडू नका, त्यांना स्वतःच चालू द्या.

पिल्लं निघून तीनेक दिवस झाले की घरटं उकरून मोजदाद. याबद्दल आधी कुणी सांगत नाही: वास भयंकर. हातमोजे दोन जोड्या घ्या, आणि वाऱ्याकडे पाठ करून बसा, नाहीतर वाळूसकट सगळं तोंडावर येतं. मीही हे दोनदा चुकल्यावर शिकले. माझ्या पहिल्या घरट्यात 112 अंडी होती: 91 रिकामी कवचं, 15 अंड्यांत काहीच वाढ नाही, 6 पिल्लं पूर्ण वाढून आतच मेलेली. अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तरच कवच एक धरायचं. म्हणजे 81 टक्के अंड्यांतून पिल्लं बाहेर आली.

शेवटचं घरटं रिकामं झाल्यावर मला वाटलं, सुटले. पण फेऱ्या आणखी पंधरा दिवस चालू होत्या. हंगाम नेमका कधी संपला, हे त्या पंधरा ओळींवरूनच कळलं. वहीच्या त्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच शब्दजोडी आहे: माग नाही.