दूध संस्थेच्या बिलावरून ऑब्जेक्ट ओरिएंटेड

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो, त्याला आता 11 वर्षं झाली. मुलं बहुतेक बीसीए नाहीतर बीएस्सी कॉम्प्युटरची, कागल, राधानगरी, भुदरगडकडून एसटीनं येणारी. मधूनच टॅलीवर हिशेबाचं काम करणारा एखादा बी.कॉम. झालेला मुलगाही येतो. नव्यानं शिकवायला लागलेले दोघंतिघं विचारत होते, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगची, म्हणजे माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधून प्रोग्राम लिहायच्या पद्धतीची, सुरुवात कुठून करायची. म्हणून हे सविस्तर लिहितोय. शिकणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

पहिली तीन वर्षं मी सगळे शिकवतात तसंच शिकवलं. प्राणी हा मूळ क्लास (म्हणजे नमुना), कुत्रा आणि मांजर त्याचे गुण घेणारे वारस, एक भुंकतो, एक म्याव करतं. मुलांना व्याख्या पाठ व्हायच्या, मार्कही पडायचे. पण त्यातल्याच एखाद्याला घरच्या दुकानाचं बिलिंग करायला सांगितलं की सगळा कोड एका मेन मेथडमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या एकाच भागात, चारशे ओळी सलग. कुत्र्यापासून बिलापर्यंत यायची वाट आम्ही दाखवलेलीच नव्हती. शिवाय कुत्रा चुकीचा भुंकला म्हणून कुणाचं काही जात नाही. धंद्याच्या प्रोग्राममध्ये चुकलं की कुणाचे तरी पैसे चुकतात, आणि ते पहिल्या दिवसापासून डोक्यात असावं लागतं.

आता मी पहिल्या दिवशी एकच सांगतो: घरातलं दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल घेऊन या. आपल्या जिल्ह्यात ते बहुतेक घरांत सापडतं. नसेल त्याला शेजाऱ्याचं मिळतं. तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. खाली कपाती: पशुखाद्य, उचल. शेवटी हातात येणारी रक्कम. कोरा छापील नमुना म्हणजे क्लास आणि आईच्या नावाचं भरलेलं बिल म्हणजे ऑब्जेक्ट, एवढं सांगितलं की तो धडा पाच मिनिटांत संपतो. ('क्लास' म्हटलं की आपल्याकडे मुलांना शिकवणीच आठवते, त्यामुळे पहिले काही दिवस मी 'नमुना' हाच शब्द वापरतो.)

दोन दिवस कॉम्प्युटर सुरू करायचा नाही. कागदावर चौकोन काढायचे, नावं मराठीत लिहायची आणि प्रत्येक आकड्याबद्दल विचारायचं: हे कुणाला ठाऊक असतं? लिटर आणि फॅट संकलनाच्या नोंदीला ठाऊक. दर दरपत्रकाला ठाऊक. उचल किती राहिली ते सभासदाच्या खात्याला ठाऊक. मग बिलानं काय करायचं? बाकीच्यांना विचारायचं आणि बेरीज मारायची. एनकॅप्सुलेशन, म्हणजे ज्याची माहिती त्याच्याकडेच ठेवणं, हा शब्द मी तिसऱ्या दिवशी उच्चारतो. तोवर कल्पना हातात आलेली असते, शब्द फक्त चिकटवायचा असतो. क्लास आणि ऑब्जेक्टची ही मांडणी मुळात 1967 च्या सिम्युला भाषेतली, नॉर्वेच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांची. प्रत्यक्षातली कामं कॉम्प्युटरवर चालवून बघण्यासाठीच ती भाषा केली होती. म्हणून कामापासून सुरुवात करणं मला जास्त पटतं.

खरी परीक्षा वारशाच्या धड्याला येते. मुलं हमखास 'सभासद' हा मूळ क्लास करतात आणि त्याखाली 'गायवाला सभासद' आणि 'म्हैसवाला सभासद'. दिसायला अगदी नीटनेटकं. एका बॅचला भुदरगडची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्यात दोन्ही हैत की. संस्थेच्या एकाच कोड नंबरवर दोन्ही दूध घालतोय. मग आई कुठल्या चौकोनात?" मी फळा पुसला. गाय-म्हैस हा फरक माणसाचा नाही, त्या वेळच्या दुधाचा आहे. तो नोंदीत ठेवायचा आणि दरपत्रकं दोन करायची, गाईचं वेगळं आणि म्हशीचं वेगळं. नोंदीनं आपापल्या पत्रकाला दर विचारायचा. पॉलिमॉर्फिझम, म्हणजे प्रश्न एकच पण ज्याचं त्याचं उत्तर वेगळं, हे समजावायला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. तेव्हापासून वारस करायच्या आधी मुलांना एक प्रश्न विचारायला लावतो: हे उद्या बदलू शकतं का? म्हैस विकून गाय घेतली तर माणसाचा क्लास बदलणार का?

चपलांच्या दुकानाचा अभ्यास देतो तेव्हाही असंच होतं. कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कोल्हापुरी चपलेच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा क्लास. नको. बिलासाठी ती फक्त नावं आहेत, वागणूक सगळ्यांची सारखीच.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती मी प्रत्येक बॅचला सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या संस्थेला मी बिलाचा प्रोग्राम करून दिला. त्यात दर एकाच ठिकाणी ठेवला होता. दर वाढला, सचिवांनी नवा आकडा टाकला. महिनाभरानं एका आजोबांनी जुन्या बिलाची प्रत मागितली, तर छापून आलेली रक्कम त्यांना मिळालेल्या पैशांपेक्षा जास्त. ते म्हणाले, "पोरा, माझं वरचं पैसं कुठं गेलं?" सचिवांवर संशय आला, आणि त्या माणसाचा काडीचाही दोष नव्हता. जुनं बिल प्रत्येक वेळी आजच्या दरानं नव्यानं मोजलं जात होतं. त्या रात्री बसून दुरुस्त केलं: दराला 'कधीपासून' ही तारीख लावली आणि एकदा दिलेलं बिल कुणालाही बदलता येणार नाही असं केलं.

जीएसटीलाही हेच लागू. 1000 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर 1 जानेवारी 2022 पासून 12 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडाला 5 टक्के झाला. टक्काही बदलला आणि किमतीची मर्यादाही. ज्यानं कोडमध्ये जागोजागी 12 लिहून ठेवलं, त्याची ती रात्र जागण्यात गेली. कराचा नियम हा स्वतंत्र ऑब्जेक्ट असेल आणि त्याला तारीख व किंमत विचारता येत असेल, तर नवा नियम एका जागी भरून काम होतं.

पैशासाठी डबल, म्हणजे जावातला दशांश आकड्यांचा नेहमीचा प्रकार, वापरू देऊ नका. हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. मी मुलांना 4.35 रुपयांचे पैसे, म्हणजे 4.35 गुणिले 100, करायला लावतो. पडद्यावर 434.99999999999994 येतं. पूर्णांकात बदललं की 434, एक पैसा गेला. वर्ग गप्प होतो. मग बिगडेसिमल, म्हणजे दशांश आकडा अचूक ठेवणारा प्रकार, आणि तोही मजकुरातून बनवायचा, म्हणजे अवतरणात "4.35" लिहून. नाहीतर डबलमधली तीच चूक आत येते. पैसे कुठल्या टप्प्यावर राउंड ऑफ करायचे, प्रत्येक नोंदीला की शेवटच्या बेरजेला, हे मात्र प्रोग्रामरनं ठरवायचं नाही. संस्थेत जाऊन विचारायचं.

जावात क्लासची नावं देवनागरीतही चालतात. सुरुवातीला मी ती तशीच ठेवू देतो. महिन्याभरानं इंग्रजीत बदलून घेतो, कारण नोकरीत तेच लागतं. इंटरफेस, डेटाबेस, स्क्रीन हे सगळं नंतरचं. त्याची घाई करू नका.

पहिल्या महिन्याचा शेवट ठरलेला आहे. प्रत्येकानं आणलेलं घरचं बिल आधी वहीत हातानं सोडवायचं, मग आपल्या प्रोग्राममध्ये भरायचं. दहा दिवस, दोन वेळा, सगळ्या कपातींसह. छापील बिल, वही आणि पडदा, तिन्ही ठिकाणी पैशापर्यंत एकच आकडा आला पाहिजे. आला, की मी विचारतो: आता दिवाळीचा फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर संस्था दिवाळीला देते ते जादा पैसे, कसा काढशील? वर्षभराच्या सगळ्या नोंदी परत वाचाव्या लागणार, मग तुझ्या कुठल्या चौकोनाला ते जमेल? त्या प्रश्नावर मुलं एसटीच्या स्टँडपर्यंत भांडत जातात.