बोटीचा ट्रेलर ओढायला गाडी घेताय? या चुका टाळा

मुंबईत बोट ठेवणारे गाडी निवडताना पहिल्यांदा हॉर्सपॉवर विचारतात. सपाट रस्त्यावर ओढायचं काम बहुतेक डिझेल एसयूव्ही करतात. गाडीची खरी परीक्षा होते खंडाळ्याचा घाट उतरताना आणि धक्क्याच्या ओल्या उतारावरून भरलेला ट्रेलर वर घेताना. गाडी या दोन ठिकाणांसाठी निवडा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वजन अंदाजाने धरणं. विकणारा सांगतो, "बोट सहाशे किलोची आहे." ते नुसत्या बोटीचं वजन. ११५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावायचं इंजिन) साधारण १७० किलोचं, १०० लिटर पेट्रोल ७५ किलो, नांगर, साखळी, बॅटरी, दोर, जॅकेटं मिळून १०० आणि ट्रेलर स्वतः ३३०. झाले पावणेतेराशे. पावसाळ्यात ताडपत्री खाली बसून बोटीत पाणी साचलं असेल तर लिटरमागे एक किलो आणखी. त्यामुळे गाडी बघायला जाण्याआधी ट्रेलर पूर्ण भरून कळंबोली किंवा तळोज्याच्या वजनकाट्यावर न्या आणि पावती घ्या. पुढचे सगळे हिशेब त्या आकड्यावर करायचे.

दुसरी चूक याच हिशेबातून निघते. ट्रेलरच्या वजनाचा साधारण सात ते दहा टक्के भार हिचच्या, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या, गोळ्यावर पडतो आणि तो गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी उचलू शकते त्या वजनातून, वजा होतो. समजा गाडीचं कमाल भरलेलं वजन २,७०० किलो आणि रिकामं २,१५०. म्हणजे हातात ५५०. पाच माणसं ३५०, सामान ६०, हिचवरचा भार १२०: उरले फक्त २० किलो. मागची स्प्रिंग बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. गोळ्यावर किती भार चालतो ते हिचच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. अनेक हिचवर तो १०० किलोच असतो, तेव्हा तेही वाचा. भार मोजायला भंगारवाल्याकडचा प्लॅटफॉर्म काटा पुरतो: ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना पाचर लावलेली आणि कपलर (ट्रेलरचं गोळ्यावर बसणारं टोक) नेहमीच्या उंचीवर काट्यावर टेकवलेला.

हा भार फार कमी असला की उलटा त्रास. साठ-सत्तरच्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. अशा वेळी ब्रेक दाबू नका; ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. घरी आल्यावर ट्रेलरवरचा विंचचा (बोट ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब पुढे सरकवून बोट पुढे घ्या. हा त्रास आखूड गाड्यांना जास्त होतो. तीन दरवाज्यांच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,४५० मिमी, स्कॉर्पिओ-एनचा २,७५०, हायलक्सचा ३,०८५. जड ट्रेलर नेहमी ओढायचा असेल तर आम्ही लांब व्हीलबेसची, लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या वेगळ्या चासीवर) बांधलेलीच गाडी सुचवू.

ओढण्याची क्षमता परदेशी व्हिडिओवरून ठरवू नका. त्याच नावाच्या गाडीचा गिअर रेशो, कूलिंग आणि हिचचे माउंट इथे वेगळे असू शकतात. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे असतात. युरोपात ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. आपल्या घाटांसाठी तर ही मर्यादा मनावर घ्यायलाच हवी.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना सतत पाय ब्रेकवर ठेवला तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळतं, पेडल मऊ होऊन खाली जातं. तो जीवघेणा क्षण असतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका आणि ब्रेक थोडा वेळ दाबून पूर्ण सोडा. म्हणून ऑटोमॅटिक घेताना मॅन्युअल मोड आहे का ते बघा. ऑटोमॅटिकच्या प्रकारांत टॉर्क कन्व्हर्टर या कामाला चांगला. ड्युअल क्लच मात्र चढावर इंच-इंच सरकताना तापतो. जळका वास आला की गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्या.

धक्क्यावर फक्त पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी फसतेच. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं शेवाळावर फिरत राहतात. फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद) आणि लो रेंज (हळू पण जोरात ओढणारा जादा गिअर) हवीच. ओहोटीला उताराचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो, म्हणून बोट भरतीच्या वेळी काढा. आणि लांबून आल्यावर ट्रेलर लगेच पाण्यात घालू नका: गरम हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, सीलमधून खारं पाणी ओढलं जातं आणि बेअरिंग गंजते. हबला हात लावता येईल इतका थंड होऊ द्या.

गोळा ५० मिमीचा की दोन इंची, तेही तपासा. दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी, दिसायला सारखेच, पण दोन इंची कपलरमध्ये ५० मिमीचा गोळा खडखडतो आणि खड्ड्यात उसळून सुटू शकतो. सेफ्टी चेन लावा, कपलरखाली फुलीसारखी आडवी-तिडवी.

ट्रेलर कायद्याने मोटार वाहनच आहे, त्याचं वेगळं आरसी लागतं. विमा कंपनीला हिच बसवण्याआधी लेखी कळवा.