वजन वाढल्यावर मुतखड्याचा धोका कसा ओळखावा आणि कमी करावा

मुतखड्याची कळ ज्याने एकदा सोसली आहे, त्याला भरपूर पाणी पिण्याचा सल्ला तोंडपाठ असतो. परंतु वजनाकडे लक्ष द्या, असे त्याला क्वचितच कोणी सांगते. बारीक माणसालाही खडा होतो हे खरे, तरी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, वयाच्या एकविसाव्या वर्षानंतर सुमारे १६ किलोंहून अधिक वजन वाढलेल्या पुरुषांत हा धोका वजन न बदललेल्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी, तर अठराव्या वर्षानंतर तितकेच वजन वाढलेल्या स्त्रियांत ७० ते ८२ टक्क्यांनी जास्त आढळला.

म्हणून प्रथम आपले लग्नाच्या सुमाराचे वजन आठवावे आणि आजच्या वजनाशी ताडून पाहावे. मग शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप लावून कंबर मोजावी. आपल्याकडे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढचा घेर धोक्याचा मानतात. पोटावर चरबी साठली की इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, मूत्रपिंडात अमोनिया कमी तयार होतो आणि लघवी अधिक आम्ल होते. तिचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ५.५ च्या खाली राहिला, तर मांस-मासळीने वाढणारे युरिक आम्ल विरघळलेले न राहता त्याचे खडे बनतात. हे खडे साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे तो निर्दोष आला म्हणून निर्धास्त राहू नये.

दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. चैत्र-वैशाखात आंब्याच्या बागेत किंवा होडीवर राबणाऱ्याचे बरेचसे पाणी घामावाटेच जाते, तर पावसाळ्यात तहानच लागत नाही. म्हणून तहानेवर विसंबण्यापेक्षा एक दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून पाहावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

कोकणी स्वयंपाकात माझ्या मते सर्वांत मोठी अडचण मिठाची आहे. पेजेबरोबर सुका बांगडा, वर लोणचे आणि मिठातल्या आगळाची (कोकमाच्या रसाची) सोलकढी, असे एका जेवणात झाले की लघवीतून कॅल्शियम अधिक जाऊ लागते आणि त्याचेही खडे बनतात. खारी मासळी भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि ती रोज खाऊ नये. युरिक आम्लाचा खडा झालेल्यांनी तारली, बांगडा यांसारखी मासळी दोन्ही वेळा खाण्याचे टाळावे. दूध-दही मात्र बंद करू नये, कारण जेवणातले कॅल्शियम अन्नातून येणाऱ्या आणि खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते.

वजन उतरवताना घाई करू नये. आठवड्याला अर्धा किलो पुरेसा आहे. कडक उपास किंवा नुसत्या मासळी-अंड्यांवर राहण्याने लघवी आणखी आम्ल होते, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच बिघडते. ताटातला भात थोडा कमी करून त्या जागी भाजी वाढवावी आणि रोज चालावे, हाच मार्ग मला सुरक्षित वाटतो. कुळथाचे कढण आवडत असेल तर अवश्य घ्यावे, परंतु त्याच्या भरवशावर सोनोग्राफी लांबणीवर टाकू नये.

खडा पडला तर तो गाळणीत धरून तपासणीसाठी जपून ठेवावा, कारण त्याच्या प्रकारावर पुढचे पथ्य ठरते. कळेबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.