पहिली प्रोग्रामिंग लँग्वेज कुठली घ्यायची? हे असं ठरवा

दहा जणांना विचारलं तर दहा नावं सांगतात, म्हणून आधी विचारणं बंद करा आणि आपल्याला बनवायचंय काय ते कागदावर एका ओळीत लिहा.

वेबसाइट असेल तर थोडं एचटीएमएल-सीएसएस (पानाचा मजकूर आणि रंगरूप ठरवणारे कोड) आणि मग जावास्क्रिप्ट. इन्स्टॉल काहीच करायला लागत नाही, काँप्युटरवर क्रोम उघडून एफ१२ दाबलं आणि कन्सोलचा टॅब निवडला की कोड लिहून बघायची जागा समोर. अँड्रॉइड ॲप असेल तर कोटलिन, २०१९ पासून गूगलही तीच आधी सुचवतं, पण त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर, अँड्रॉइड स्टुडिओ, जुन्या लॅपटॉपला अक्षरशः रडवतो हे धरून चला. इंजिनिअरिंगच्या सिलॅबसमध्ये सी असेल तर वाद नको, सीच करा, फक्त ते निळ्या स्क्रीनचं जुनं टर्बो सी कॉलेजच्या लॅबपुरतं ठेवा आणि घरी जीसीसी (सी-चा कोड चालण्याजोगा करून देणारा कंपायलर) टाका. घरातलं शाळकरी पोर असेल तर स्क्रॅच, त्यात कोड टाइप न करता ठोकळे जोडायचे असतात.

आणि काय बनवायचंय तेच माहीत नाही? मग पायथॉन. १९९१ पासून आहे, फुकट आहे, लिहायला कमी लागतं. ओळीच्या आधीची स्पेस चुकली की ती रुसते, पण त्याची सवय होते.

आता दोन नावं उरली असतील तर दोन्हीत एकच छोटा प्रोग्राम लिहून बघा, एकेक संध्याकाळ द्या. समजा हॉटेलचं बिल मित्रांत वाटायचंय. पायथॉनमध्ये इनपुट (input) या कमांडने जेवणाचे २५० आणि चहाचे १०० घेतले आणि बेरीज केली तर उत्तर येतं २५०१००! कारण इनपुटमधून आलेलं सगळं त्याच्या लेखी अक्षरं असतात, आधी इंट (int) लावून आकडा करून घ्यावा लागतो. जावास्क्रिप्टमध्ये माहिती विचारणाऱ्या प्रॉम्प्टमध्येही (prompt) हाच घोळ. सी-मध्ये माहिती घेणाऱ्या स्कॅनएफला (scanf) आकडा हवाय हे तुम्हीच सांगता, पण तिथे ते ॲम्परसँडचं (&) चिन्ह विसरलात तर प्रोग्राम बहुतेक वेळा आडवाच होतो. असल्या भानगडीत ज्या भाषेने तुम्हाला कमी वैताग दिला ती घ्या, माझ्या मते याहून चांगली परीक्षा नाही.

एकदा घेतली की तीन-चार महिने बदलायची नाही, मग यूट्यूबवर कोणी काहीही म्हणो. ‘जॉब गॅरंटी’वाल्या क्लासची फी लगेच भरू नका, पायथॉनच्या साइटवरचं ट्युटोरियल फुकट आहे, आधी ते करा. आणि लाल अक्षरात भलीमोठी एरर आली तर घाबरून विंडो बंद करू नका, पायथॉनमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, काय बिघडलंय ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.