सीबॅक फॉर्ममधले मनाचे दोन प्रश्न आणि दारूचा एक

तासगाव तालुक्यात मी 12 वर्षं आशा आहे. नव्या ताया म्हणतात, तिशीवरच्या माणसांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखायचा सरकारी प्रश्नांचा कागद, भरताना बीपी-शुगरचं जमतं, पण शेवटचे मनाचे प्रश्न तोंडातून निघत नाहीत. माझी रीत सांगते.

आधी जागा बघा. सोप्यात सासूबाई शेंगा फोडत बसल्यात आणि तुम्ही सुनेला "उदास वाटतं का" विचारलंत, तर ती "नाही"च म्हणणार. बाकीचा फॉर्म मी सगळ्यांसमोर भरते, हे दोन प्रश्न मागे ठेवते. द्राक्षबागेत विरळणी चालू असेल तर तिच्या ओळीत शिरून दोन-चार घड मीही विरळते. हात चालू असले की बाई बोलते.

प्रश्न असे: कामात रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं? आणि उदास, निराश किती दिवस वाटलं? दोन्ही गेल्या 2 आठवड्यांबद्दल. आता 2 आठवडे कुणाच्या लक्षात राहतात? मी म्हणते, "मागच्या एकादशीपासून या एकादशीपर्यंत." मग हिशेब नीट लागतो. अजिबात नाही 0, काही दिवस 1, निम्म्याहून जास्त दिवस 2, जवळजवळ रोज 3. फॉर्म सांगतो, बेरीज 3 च्या वर गेली तर सीएचओ मॅडमकडे, म्हणजे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे, पाठवा. मी 3 ला सुद्धा पाठवते. ज्या वर्षी अवकाळीनं द्राक्षावर दावण्या रोग येऊन घड जातात, त्या वर्षी तर नक्कीच.

बेरीज जास्त आली की सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं मनात नसलेलं येत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही. त्याला सांगूनच घरातल्या एका भरवशाच्या माणसाला जवळ बसवा, फवारणीची औषधं त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात हलवा आणि लगेच मॅडमना फोन करा. टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. तो मी तिथंच बसून लावून देते.

तंबाखूचं विचारताना बायकांना "मिशेरी लावता का" असंच विचारा. तंबाखूला "छे" म्हणणारी बाई मिशेरीला हसून "दिवसातून तीनदा" म्हणते.

दारूचं जरा सविस्तर सांगते. फॉर्मात विचारलंय, रोज घेता का. बाजाराच्या दिवशी दोन क्वार्टर पिऊन पडणारा माणूस खरेपणानं "नाही" म्हणतो. म्हणून मी पुढं विचारते: आठवड्यातून किती वेळा, एका वेळी किती, आणि सकाळी उठल्यावर हात थरथरतात का. हा शेवटचा प्रश्न कधी सोडू नका. एका दादांना मीच आग्रह केला, माळ घाला आणि आजपासून बंद करा. ते वर्षानुवर्षं सकाळपासून पिणारे. त्यांनी शब्द पाळला. तिसऱ्या रात्री नसलेली माणसं दिसायला लागली, मग फिट आली. गाडी करून मिरजेला नेलं, वाचले. ती रात्र मी विसरलेले नाही. ज्याचे हात सकाळी कापतात, त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. एकदम बंद करा असं आपण सांगायचं नाही. माळ नंतरही घालता येते.

आणि हे सगळं गटात, बैठकीत, आपल्या नवऱ्याजवळसुद्धा बोलायचं नाही. एक गोष्ट फुटली की गावातली सगळी दारं बंद होतात.

पाठवल्यावर आठ दिवसांनी परत जा. उदासीच्या गोळीचा गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात, आणि लोक चौथ्या दिवशीच "फरक नाही" म्हणून पाकीट फळीवर टाकतात. "गोळ्या चालू आहेत ना" असं विचारत बसू नका. पाकीट मागा आणि किती उरल्यात ते मोजा.